रेडियसच्या लॉगमध्ये पुन्हा पुन्हा 'डुप्लिकेट पॅकेट': विनंतीची ओळख कशी ठरते आणि कुठे फसते

रेडियस म्हणजे ग्राहकाचे नाव-पासवर्ड तपासून त्याला जोडणी द्यायची की नाही हे ठरवणारी व्यवस्था. ती अडखळू लागल्याचे लक्षण साधारण असे असते. दिवसभर सगळे सुरळीत चाललेले असते. संध्याकाळी भागातली वीज जाऊन परत येते, दोन-तीन हजार घरांतले राउटर एकदम पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडणी घेण्याची पद्धत) डायल करतात आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे निम्म्या ग्राहकांचे लॉगिनच होत नाही. फ्रीरेडियस या रेडियस सर्व्हरच्या लॉगमध्ये 'इग्नोअरिंग डुप्लिकेट पॅकेट फ्रॉम क्लायंट' अशा ओळींची रांग लागते. मधूनच 'रिसीव्ह्ड कॉन्फ्लिक्टिंग पॅकेट... गिव्हिंग अप ऑन ओल्ड रिक्वेस्ट' असेही दिसते. नॅसच्या (ग्राहकांना जोडणी देणारे आणि त्यासाठी रेडियसला विचारणारे उपकरण; रेडियसचा 'क्लायंट' तोच) लॉगमध्ये मात्र एकच तक्रार असते: रेडियस टाइमआउट. सर्व्हर रीस्टार्ट केला की थोडा वेळ बरे चालते, मग पुन्हा तेच.

बहुतेक जण इथे 'मॅक्स रिक्वेस्ट्स'चा (सर्व्हरने एका वेळी लक्षात ठेवायच्या विनंत्यांच्या मर्यादेचा) आकडा वाढवतात किंवा नेटवर्कमध्ये लूप शोधत बसतात. दोन्ही उपायांचा इथे सहसा उपयोग होत नाही. डुप्लिकेटची ओळ नेटवर्कबद्दल फार थोडे सांगते. ती सांगते की सर्व्हरने पहिल्या विनंतीचे उत्तर अजून दिलेले नाही. हे का, ते कळण्यासाठी सर्व्हर एक विनंती दुसरीपासून वेगळी कशी ओळखतो ते आधी पाहू.

ओळख फक्त एका बाइटची

रेडियसच्या प्रत्येक पॅकेटचे शीर्ष २० बाइटांचे असते: १ बाइट कोड, १ बाइट आयडेंटिफायर, २ बाइट लांबी आणि १६ बाइट ऑथेंटिकेटर (पडताळणीसाठीचे मूल्य). आयडेंटिफायर एका बाइटचा, म्हणजे ० ते २५५. एवढ्या लहान क्रमांकावर विनंती ओळखता येणार नाही हे उघड आहे. म्हणून तो कधीच एकटा वाचायचा नसतो. सन २००० च्या आरएफसी २८६५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) प्रमाणे क्लायंटचा आयपी, त्याचा यूडीपी सोर्स पोर्ट आणि आयडेंटिफायर हे तिन्ही थोड्या वेळात पुन्हा सारखे आले तर विनंती डुप्लिकेट. २००७ च्या आरएफसी ५०८० ने त्यात ऑथेंटिकेटरची तुलनाही आणली, आणि प्रत्यक्षात निकाल तिथेच लागतो.

क्लायंटने पाळायचा नियमही तितकाच सरळ आहे. उत्तर आले नाही म्हणून तीच विनंती पुन्हा पाठवायची असेल तर आयडेंटिफायर आणि ऑथेंटिकेटर जसेच्या तसे ठेवायचे. विनंतीतला एकही अॅट्रिब्यूट (युझरनेमसारखा माहितीचा घटक) बदलला, किंवा आधीच्या विनंतीला वैध उत्तर मिळाले, तर नवा आयडेंटिफायर घ्यायचा. अॅक्सेस-रिक्वेस्टमध्ये त्यासोबत नवा, अंदाज न करता येणारा ऑथेंटिकेटरही लागतो.

यातून कॅप्चर (नेटवर्कवरून गेलेल्या पॅकेटांची नोंद) वाचायची पद्धत मिळते:

आयपी, पोर्ट, आयडेंटिफायर आणि ऑथेंटिकेटर चारही सारखे असतील तर ते पुनर्प्रेषण आहे. सर्व्हर उशीर करतो आहे किंवा उत्तर वाटेत हरवते आहे.

पहिले तीन सारखे पण ऑथेंटिकेटर वेगळा असेल तर नॅसने जुना क्रमांक नव्या विनंतीला दिला आहे. जुनी विनंती सर्व्हरकडे अपुरी असताना हे झाले की 'कॉन्फ्लिक्टिंग पॅकेट'ची ओळ येते आणि सर्व्हर जुनी विनंती सोडून देतो.

युझरनेम तेच, पण आयडेंटिफायर नवा असेल तर रेडियसच्या दृष्टीने ती पूर्ण नवी विनंती आहे. ग्राहकाचा राउटर पुन्हा डायल करतो आहे एवढाच तिचा अर्थ.

सोर्स पोर्ट वेगळा असेल तर आयडेंटिफायर जुळतो का हे पाहण्यात अर्थ नाही. दोन पोर्टांच्या क्रमांकांचा एकमेकांशी संबंध नसतो.

कॅप्चर कसे घ्यावे

सर्व्हरवर टीसीपीडंप हे पॅकेट टिपणारे साधन लावा, फिल्टर पोर्ट १८१२ आणि १८१३ एवढाच ठेवा, पूर्ण पॅकेट फाईलमध्ये लिहून घ्या आणि वायरशार्कमध्ये उघडा. जमल्यास त्याच वेळी नॅसच्या बाजूलाही कॅप्चर घ्या. एकाच टोकाचे कॅप्चर उत्तर निघाले की नाही ते सांगते, पोचले की नाही ते सांगत नाही.

एक फसवणूक इथे हमखास होते. लिनक्सवर 'एनी' इंटरफेसवर कॅप्चर घेतले आणि सर्व्हरवर ब्रिज, बाँड किंवा व्हीलॅन असेल, तर एकच पॅकेट दोनदा नोंदले जाते आणि वायरशार्क त्याला डुप्लिकेट म्हणतो. दोन नोंदींमधले अंतर पाहा. मायक्रोसेकंदांचे असेल तर तो कॅप्चरचा दोष. बरोबर नॅसच्या टाइमआउटइतके असेल तर खरे पुनर्प्रेषण. शंका आली तर 'एनी' सोडून प्रत्यक्ष इंटरफेसवर कॅप्चर घ्या.

ही फाईल कुणालाही पाठवू नका. पीएपी (पासवर्डच सर्व्हरकडे पाठवण्याची पद्धत) वापरत असाल तर शेअर्ड सीक्रेट (नॅस आणि सर्व्हर या दोघांकडे असलेला गुप्त शब्द) माहीत असलेल्या माणसाला त्यातून ग्राहकांचे पासवर्ड सहज काढता येतात.

कॅप्चरमध्ये प्रत्येक विनंती आणि तिचे उत्तर यांत किती वेळ गेला ते पाहा. इथून पुढे वाट फुटते.

उत्तर उशिरा निघते आहे

ही सगळ्यात जास्त आढळणारी अवस्था. फ्रीरेडियस ३ ची लॉग-ओळ पूर्ण वाचली तर गुन्हेगाराचे नाव तिच्या शेवटी असते: 'ड्यू टू अनफिनिश्ड रिक्वेस्ट इन कॉम्पोनंट ऑथराइझ मॉड्यूल एसक्यूएल'. म्हणजे विनंती ऑथराइझ टप्प्यात डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबली आहे. मॉड्यूलच्या जागी एलडॅप असेल तर डिरेक्टरी सर्व्हर पाहा, पर्ल किंवा एक्झेक असेल तर तुमची स्क्रिप्ट, आणि कॉम्पोनंट 'सेशन' असेल तर एकाच वेळच्या लॉगिनची तपासणी. लोक ओळीचा पहिला अर्धा वाचतात आणि शोधयंत्रात टाकतात. कामाचा भाग दुसऱ्या अर्ध्यात असतो.

आता हिशोब करा. थ्रेड पूलमध्ये (एकाच वेळी विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडांच्या संचात) 'मॅक्स सर्व्हर्स' मुळात ३२ असतो. एक विनंती डेटाबेसपाशी २ सेकंद अडली तर ३२ थ्रेड मिळून सेकंदाला १६ विनंत्या निपटतात. तीन हजार ग्राहकांना तीन मिनिटांहून जास्त वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात त्यांचे राउटर कंटाळून पुन्हा डायल करतील. त्या प्रत्येक डायलची विनंती नवी असते, त्यामुळे ती डुप्लिकेट म्हणून गाळली जात नाही. रांगेत भर पडते. डेटाबेसचा वेळ २० मिलिसेकंदांवर आणला तर तेच ३२ थ्रेड सेकंदाला १६०० विनंत्या हाताळतात. थ्रेड वाढवण्याआधी क्वेरी सुधारायची ती यासाठी. आधीच गुदमरलेल्या डेटाबेसवर १०० थ्रेड सोडले तर तो आणखी मंदावतो.

नेहमीची कारणे ठरलेली आहेत. सेशनच्या नोंदी ठेवणारे रॅडअॅक्ट टेबल वर्षानुवर्षे साफ केलेले नसते. एकाच वेळच्या लॉगिनची तपासणी युझरनेम आणि रिकामा स्टॉप-टाइम यांवर चालते आणि त्या जोडीला योग्य इंडेक्स नसतो. एसक्यूएल मॉड्यूलच्या पूलमध्ये कनेक्शन थ्रेडपेक्षा कमी असतात, त्यामुळे थ्रेड मोकळा असूनही कनेक्शनची वाट पाहतो. 'चेकरॅड' प्रत्येक लॉगिनला नॅसला जाऊन विचारतो, आणि ज्या नॅसवर आधीच ताण आहे तोच उत्तर देत नाही. 'होस्टनेम लुकअप्स' (आयपीवरून नाव शोधणे) कुणीतरी चालू केलेले असते आणि डीएनएस बंद पडला की सगळे थांबते.

अकाउंटिंगचा (ग्राहकाच्या वापराच्या नोंदींचा) भार वेगळा काढणे हा सगळ्यात गुणकारी उपाय, असे आमचे मत आहे. फ्रीरेडियससोबत 'बफर्ड-एसक्यूएल' नावाचा नमुना व्हर्च्युअल सर्व्हर येतो. त्यात अकाउंटिंगची विनंती आधी डिटेल फाईलमध्ये लिहिली जाते, नॅसला लगेच उत्तर जाते, आणि दुसरी प्रक्रिया ती फाईल वाचून आपल्या गतीने डेटाबेसमध्ये भरते. डेटाबेस पाच मिनिटे बंद पडला तरी नॅसला ते कळत नाही.

इंटरिम अपडेटचा (चालू सेशनच्या वापराची ठरावीक वेळाने येणारी नोंद) कालावधीही बघा. आरएफसी २८६९ नुसार तो ६० सेकंदांपेक्षा कमी नसावाच, आणि ६०० पेक्षा कमी ठेवू नये. तीन हजार ग्राहक ६० सेकंदांवर असतील तर सरासरी सेकंदाला ५० लिखाणे, ६०० वर असतील तर ५. ही सरासरी झाली. वीज आल्यावर सगळे एकाच वेळी जोडले गेले असतील तर त्यांची अपडेटही दर फेरीला एकत्रच येऊन आदळतात. 'दर दहा मिनिटांनी लॉग भरतो' या तक्रारीचे कारण बहुधा हेच.

नॅसचा धीर कमी पडतो आहे

आरएफसी ५०८० ने सुचवलेली मूल्ये अशी: पहिले पुनर्प्रेषण २ सेकंदांनी, नंतरची अंतरे वाढत जास्तीत जास्त १६ सेकंद, एकूण ५ पुनर्प्रेषणे आणि सगळे मिळून ३० सेकंद. प्रत्यक्षात नॅसवर याहून बरीच कमी मूल्ये दिसतात. मायक्रोटिकमध्ये हा टाइमआउट मिलिसेकंदांत मोजतात, आणि स्थानिक केबल-इंटरनेटवाल्यांकडे हीच पेटी जास्त आढळते. तिथे ३०० सारखा आकडा दिसला तर तो ३ सेकंद नव्हे, एक तृतीयांश सेकंदाहूनही कमी आहे हे लक्षात घ्या.

आता फ्रीरेडियसचा 'रिजेक्ट डिले' पाहा. पासवर्ड चुकला की नकार मुद्दाम १ सेकंद रोखून पाठवला जातो, पासवर्ड ओळखण्याचा मारा मंदावा म्हणून. नॅसचा टाइमआउट ३०० मिलिसेकंद असेल तर चुकीच्या पासवर्डच्या प्रत्येक प्रयत्नाला दोन-तीन पुनर्प्रेषणे होणारच, आणि नकार पोचण्याआधी नॅस सर्व्हर मेला असे ठरवून दुसऱ्याकडे वळणार. थकबाकीमुळे बंद केलेले शंभर ग्राहक रात्रभर डायल करत असतील तर तेवढ्याने लॉग भरतो. टाइमआउट २ ते ३ सेकंद करा. रिजेक्ट डिले शून्य करू नका.

क्रमांकच पुरत नाहीत

एका सोर्स पोर्टवरून एका सर्व्हरकडे एका वेळी २५६ पेक्षा जास्त अनुत्तरित विनंत्या असू शकत नाहीत. उत्तर २० मिलिसेकंदांत येत असेल तर ही मर्यादा सेकंदाला १२,८०० विनंत्यांची; कुणाला जाणवतही नाही. उत्तराला २ सेकंद लागले तर १२८. सर्व्हर गप्प असेल आणि नॅस प्रत्येक क्रमांक १५ सेकंद धरून बसत असेल तर फक्त १७. म्हणून ही कमतरता बहुतेक वेळा आजार नसून मंद सर्व्हरचा परिणाम असते. सर्व्हर वेगवान असूनही ऑथेंटिकेटर वेगळा असलेली टक्कर दिसत असेल तरच पोर्ट वाढवण्याकडे वळा.

सिस्कोच्या आयओएसमध्ये मुळात १६४५ आणि १६४६ हे दोनच सोर्स पोर्ट वापरले जातात. 'रेडियस-सर्व्हर सोर्स-पोर्ट्स एक्स्टेंडेड' ही आज्ञा दिली की २१६४५ ते २१८४४ असे २०० पोर्ट मिळतात, आणि प्रत्येकावर २५६ क्रमांक. मधल्या फायरवॉलने ठरावीक सोर्स पोर्टच सोडले असतील तर आधी तो नियम बदला, नाहीतर आज्ञा देताच सगळे लॉगिन बंद पडतील.

सर्व्हरच्या बाजूला तीन मूल्ये तपासा. 'मॅक्स रिक्वेस्ट्स' किमान २५६ गुणिले क्लायंटची संख्या. क्लायंट बरेच पोर्ट वापरत असेल तर त्याहून जास्त. फ्रीरेडियस ३ मध्ये तो १६,३८४ असतो आणि लहान सेवेला पुरतो. 'मॅक्स रिक्वेस्ट टाइम' ३० सेकंद. 'क्लीनअप डिले' ५ सेकंद: उत्तर दिल्यावरही सर्व्हर ते एवढा वेळ जपून ठेवतो, म्हणजे उत्तर वाटेत हरवले आणि तीच विनंती पुन्हा आली तर डेटाबेसला न विचारता तेच उत्तर परत जाते. मेमरी वाचवायला हे मूल्य नॅसच्या टाइमआउटपेक्षा खाली आणले तर प्रत्येक पुनर्प्रेषण नवी विनंती ठरून पूर्ण काम पुन्हा होते. ते नॅसच्या टाइमआउटहून थोडे मोठे ठेवा.

उत्तर निघते, पण नॅस ते मानत नाही

सर्व्हरच्या कॅप्चरमध्ये उत्तर वेळेत निघाले आहे, डीबगमध्ये तेच उत्तर पुन्हा पाठवल्याची नोंद आहे, आणि नॅस तरीही टाइमआउट म्हणतो आहे. मग डेटाबेसला हात लावू नका. तीन गोष्टी पाहा.

पहिली, शेअर्ड सीक्रेट. उत्तरातला ऑथेंटिकेटर हा कोड, आयडेंटिफायर, लांबी, मूळ विनंतीचा ऑथेंटिकेटर, अॅट्रिब्यूट आणि सीक्रेट यांचा एमडी५ असतो. सीक्रेट जुळले नाही तर नॅस ते उत्तर गुपचूप टाकून देतो आणि तीच विनंती पुन्हा पाठवतो. सीक्रेट पेस्ट करताना शेवटी आलेली मोकळी जागा हे नेहमीचे कारण. सर्व्हरच्या डीबगमध्ये पीएपी पासवर्ड अगम्य अक्षरांत दिसला तर शंका राहत नाही.

दुसरी, सर्व्हरला दोन आयपी आहेत आणि उत्तर भलत्याच आयपीवरून जाते. कॅप्चरमध्ये विनंतीचा डेस्टिनेशन आणि उत्तराचा सोर्स जुळवून पाहिला की लगेच दिसते. लिसन विभागात नेमका आयपी लिहा.

तिसरी, मधला नॅट (अनेक उपकरणांना एका आयपीमागे ठेवणारी व्यवस्था). लिनक्सच्या कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये एकतर्फी यूडीपीची नोंद मुळात ३० सेकंदांत पुसली जाते. उत्तर त्यानंतर आले तर ते आत जात नाही, आणि पुढच्या पुनर्प्रेषणाला वेगळा सोर्स पोर्ट मिळाला तर सर्व्हरला ती नवी विनंती वाटते.

२०२४ नंतर यात आणखी एक भर पडली. त्या जुलैत ब्लास्ट-रेडियस हा एमडी५ मधला हल्ला जाहीर झाला आणि फ्रीरेडियसच्या ३.२.५ आवृत्तीपासून मेसेज-ऑथेंटिकेटर या ८० क्रमांकाच्या अॅट्रिब्यूटच्या सक्तीसाठी 'ऑटो' हे मूल्य आले. मूल्य 'ऑटो' असेल तर त्या क्लायंटच्या पहिल्या पॅकेटवरून सर्व्हर शिकतो. एकाच नॅट आयपीमागे नवे आणि जुने नॅस मिसळलेले असतील तर नव्याच्या पॅकेटमुळे सक्ती लागू होते आणि जुन्याचे पॅकेट टाकले जाते. अपग्रेडनंतर 'काहीच नॅस बंद' अशी तक्रार आली तर इथे पाहा. उपाय म्हणजे जुन्या नॅसचे फर्मवेअर बदलणे, किंवा त्याला स्वतंत्र आयपी आणि स्वतंत्र क्लायंट नोंद देणे. सक्ती सरसकट बंद करणे हा उपाय नव्हे.

ईएपीचा घोळ वेगळा

वाय-फायवर पीईएपी किंवा ईएपी-टीएलएस (ईएपी ही अनेक फेऱ्यांत ओळख पटवण्याची पद्धत; हे तिचे प्रकार) चालत असेल तर एका लॉगिनला दहाच्या आसपास फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी म्हणजे नव्या आयडेंटिफायरची नवी अॅक्सेस-रिक्वेस्ट. या फेऱ्या एकमेकींना जोडतो तो २४ क्रमांकाचा स्टेट अॅट्रिब्यूट. रेडियसच्या आयडेंटिफायरचा इथे काही संबंध नाही. ईएपीच्या आत स्वतःचा एका बाइटचा आयडेंटिफायर असतो, वायरशार्कमध्ये तोही दिसतो आणि तिथे गल्लत होते.

'नो ईएपी सेशन मॅचिंग स्टेट' ही ओळ आली तर त्या फेरीची विनंती भलत्याच सर्व्हरकडे गेली आहे, किंवा सेशनची मुदत संपली आहे. दोन सर्व्हरांपुढे साधा आळीपाळीचा लोड बॅलन्सर ठेवला की हे होणारच. सोर्स आयपीवर किंवा ३१ क्रमांकाच्या कॉलिंग-स्टेशन-आयडीवर वाटणी बांधा. फ्रीरेडियसच्या प्रॉक्सीत 'क्लायंट-बॅलन्स' किंवा 'कीड-बॅलन्स' निवडा. 'क्लायंट-पोर्ट-बॅलन्स' सोर्स पोर्टही धरतो, त्यामुळे वर सांगितलेले वाढीव पोर्ट चालू असतील आणि उपकरण पुढची फेरी दुसऱ्या पोर्टवरून पाठवत असेल तर ईएपी अर्ध्यात तुटते.

लॉगिन नेहमी प्रमाणपत्र पाठवण्याच्या फेरीलाच अडकत असेल तर पॅकेटचे तुकडे फायरवॉलवर गळत आहेत का ते पाहा. ईएपी मॉड्यूलचा 'फ्रॅगमेंट साइझ' १०२४ ठेवला की सर्व्हरकडून जाणारे तुकडे बहुधा सुखरूप पोचतात.

अकाउंटिंगमध्ये दोनदा नोंद

इथे डुप्लिकेट ओळखला न जाणे ही अडचण असते. नॅस पुनर्प्रेषण करताना अॅक्ट-डिले-टाइम (नोंद पाठवायला किती उशीर झाला ते सांगणारा अॅट्रिब्यूट) वाढवतो. अॅट्रिब्यूट बदलला म्हणून नियमाप्रमाणे आयडेंटिफायर बदलतो, आणि अकाउंटिंगचा ऑथेंटिकेटर मजकुरावरूनच काढला जात असल्याने तोही बदलतो. सर्व्हरला ही सर्वस्वी नवी विनंती दिसते आणि ग्राहकाचा डेटा दुप्पट मोजला जातो. नॅसचे यात काही चुकलेले नाही.

म्हणून बिलिंगमध्ये पॅकेटच्या ओळखीवर कधीच विसंबू नका. फ्रीरेडियसचे 'अॅक्ट-युनिक' धोरण युझरनेम, अॅक्ट-सेशन-आयडी, नॅसचा पत्ता व नाव आणि पोर्ट यांचा एमडी५ काढते. रॅडअॅक्टमध्ये त्या स्तंभावर युनिक इंडेक्स असायला हवा. डेटाबेस हलवताना हा इंडेक्स मागे राहिला आहे का ते तपासा. इंटरिममधले बाइट ही सेशन सुरू झाल्यापासूनची एकूण बेरीज असते. ओळीत मूल्य बदलायचे, मिळवायचे नाही.

प्रॉक्सी असेल तर

एज्युरोमसारख्या (शिक्षणसंस्थांच्या सामायिक वाय-फाय सेवेसारख्या) साखळीत प्रत्येक टप्प्यावरचा, विनंती पुढे पाठवणारा प्रॉक्सी स्वतःचा नवा आयडेंटिफायर देतो. महाविद्यालयातल्या अॅक्सेस पॉइंटवर ४७ दिसलेली विनंती घरच्या संस्थेत १९८ असू शकते. दोन ठिकाणचे लॉग जुळवताना कॉलिंग-स्टेशन-आयडी, युझरनेम आणि वेळ धरा, आणि त्याआधी दोन्ही सर्व्हरांची घड्याळे एनटीपीने जुळवून घ्या.

डायमीटर या रेडियसनंतरच्या प्रोटोकॉलमध्ये ही एका बाइटची अडचण नाही. तिथे टप्प्यापुरता एक आणि टोकापासून टोकापर्यंत दुसरा, असे ३२ बिटांचे दोन क्रमांक असतात. टीएलएसवर चालणाऱ्या रेडियस १.१ मध्येही २०२५ च्या आरएफसी ९७६५ ने आयडेंटिफायरऐवजी ३२ बिटांचे टोकन आणले आहे. तुमच्या नॅसचे फर्मवेअर ते बोलू लागेपर्यंत २५६ चाच हिशोब.

बदल केल्यावर लगेच निकाल लावू नका. आधी रॅडक्लायंट या फ्रीरेडियसच्या चाचणी-साधनाने समांतर विनंत्यांची संख्या ५०, १००, २०० अशी वाढवत चाचणी घ्या, तीही चाचणीच्या युझरनेमवर. प्रत्येक टप्प्यावर उत्तराचा वेळ लिहून ठेवा. जिथे तो अचानक उडी मारतो तो तुमच्या डेटाबेसचा खरा आकडा. मग रात्री आठ ते दहाच्या गर्दीत पुन्हा दहा मिनिटांचे कॅप्चर घ्या आणि चारही गोष्टी सारख्या असलेली पॅकेट एकूण विनंत्यांच्या किती टक्के आहेत ते मोजा. एखाद-दुसरे पुनर्प्रेषण यूडीपीवर होतच राहते. ती सगळी एकाच नॅसकडून येत असतील तर सर्व्हर सोडून त्या नॅसपर्यंतची लिंक तपासायला घ्या.